कुळांत दारू आहे काय?

गेल्या महिन्यांत आम्हांस एका वाचकभगिनीचें पत्र आलें. भगिनी नागपूरच्याच आहेत. नांव प्रसिद्ध करूं नये अशी त्यांची विनंती आहे. ती नसती तरीही आम्हीं तें छापलें नसतें. त्यांच्या कन्येसाठीं एक स्थळ सांगून आलें. मुलगा इंजिनियर, नोकरी चांगली, स्वभाव शांत. मुलामुलीनें एकमेकांस पाहिलें, दोन-चार वेळां बोलणें झालें, उभयतांची पसंती झाली. मग मुलाच्या मामांनीं, मागाहून 'लपविलें' असा ठपका येऊं नये म्हणून, स्वतःच सांगितलें कीं मुलाचे वडील दारूनें गेले. यकृत निकामी होऊन, पन्नाशी ओलांडतांच. मुलगा स्वतः थेंबालाही शिवत नाहीं. परंतु मुलीच्या आजोबांनीं तेव्हांपासून नकाराचा हट्ट धरला आहे. "कुळांत दारू आहे," एवढेंच ते म्हणतात, आणि वर्तमानपत्र तोंडापुढें धरतात. भगिनी विचारतात, "हें खरेंच रक्तांतून येतें काय? येत असेल तर मुलीस त्या घरीं कशी द्यावी? आणि येत नसेल तर मामंजींस कोणत्या तोंडानें सांगावें?"

आपल्या घरांतून सोयरीक जुळवितांना पूर्वीं कुळांत कोड आहे काय, वेड आहे काय, क्षय आहे काय, अशी चौकशी होत असे. क्षय त्या यादींतून गेला, कारण तो जंतूंमुळें होतो व औषधानें बरा होतो हें कळलें. दारूचें नांव त्या यादींत सहसा नसे, कारण 'आपल्यांत' ती नाहीं असें गृहीत धरलेलें असे. आतां ती आली आहे, आणि जुनाच प्रश्न नव्या पदार्थास लावला जात आहे. प्रश्न चुकीचा नाहीं. परंतु त्याचें उत्तर एका शब्दांत देण्याची आम्हांस भीति वाटते; कारण एकदां आम्हीं तें तसें दिलें होतें. त्याची हकीकत पुढें येईलच.

प्रथम बीजाकडे वळूं. बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, हा वाद आपल्या धर्मशास्त्रकारांनीं पुष्कळ केला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत तो विस्तारानें आला आहे. दारूच्या बाबतींत हा वाद सोडवावयाचा तर अडचण अशी कीं, पिणाऱ्या बापाचा मुलगा बापाचें रक्तही घेतो आणि बापाचें घरही पाहतो. दोन्ही पदार्थ एकाच ताटांत वाढलेले. पोट कशानें बिघडलें हें कसें ओळखावें? उपाय एकच. बीज एका घरचें आणि क्षेत्र दुसऱ्या घरचें अशीं माणसें शोधणें. म्हणजे दत्तक गेलेलीं मुलें.

डेन्मार्क देशांत दत्तकविधानांच्या नोंदी उत्तम ठेवलेल्या असतात. गुडविन नांवाच्या अमेरिकन मानसरोगतज्ज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं त्या चाळून १९७३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांच्या जन्मदात्या आईबापांपैकीं एकास दारूचा रोग जडला होता, परंतु जे स्वतः जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आंत आईबापांपासून दूर होऊन परक्या घरीं दत्तक गेले, असे ५५ पुरुष त्यांनीं निवडले. आणि ज्यांच्या जन्मदात्यांविषयीं अशी नोंद नव्हती असे ७८ दत्तक पुरुष तुलनेस घेतले. पहिल्या गटांत शेंकडा १८ जण दारूचे रोगी निघाले, दुसऱ्या गटांत शेंकडा ५. बापाची बाटली ज्यांच्या दृष्टीसही पडली नाहीं त्यांच्यांत हें प्रमाण साडेतीन पटींहून अधिक! आजोबांचा पक्ष येथें बळकट होतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तेच आंकडे दुसऱ्या बाजूनें वाचावे. शेंकडा १८ त्या वाटेनें गेले, म्हणजे शेंकडा ८२ गेले नाहींत.

पुढें जुळ्या भावंडांवरही अनेक देशांत अभ्यास झाले. एकाच बीजापासून झालेलीं जुळीं आणि दोन बीजांपासून झालेलीं जुळीं यांची तुलना केली म्हणजे वारशाचा वांटा काढतां येतो. ह्या सर्व अभ्यासांचा मेळ घालतां तो वांटा सुमारें निम्मा भरतो. ह्या 'निम्मा' शब्दानें मोठा घोटाळा केला आहे. पिणाऱ्याच्या मुलांपैकीं निम्मीं मुलें पिणारीं होतात, असा त्याचा अर्थ नव्हे. एखाद्या मुलाचें निम्में भवितव्य ठरलेलें असतें, असाही नव्हे. समाजांत माणसामाणसांमध्यें ह्या बाबतींत जो फरक दिसतो, त्यापैकीं सुमारें निम्मा फरक त्यांच्या जनुकांतील फरकाशीं जोडलेला आढळतो, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय 'दारूचें जनुक' म्हणून एखादी वस्तु नाहीं. लहान लहान परिणाम करणारीं अनेक जनुकें मिळून हा कल बनतो. कांहीं यकृतांत मद्य कसें पचतें तें ठरवितात, कांहीं मेंदूंत सुखाची व संयमाची यंत्रणा कशी चालते तें.

आम्हांस हें सर्व प्रथम समजलें तें पुस्तकांतून नव्हे, तर काटोलकडील एका संत्रा बागायतदाराच्या बांधावर. आपला संत्रा बहुधा जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार करतात. जंबेरी जोमानें वाढते, परंतु डिंक्या रोगास ती लवकर बळी पडते. हा तिचा जन्मजात दोष. तथापि डिंक्याची बुरशी जोर धरते ती बुंध्याशीं पाणी सांचून राहिलें म्हणजे. निचऱ्याच्या जमिनींत, दुहेरी आळें करून बुंध्यास पाणी लागूं न देतां वाढविलेलें तेंच कलम वर्षानुवर्षें बहार देतें. रंगपूर लिंबाचा खुंट डिंक्यास अधिक दाद देत नाहीं, म्हणून हल्लीं पुष्कळजण तो पसंत करतात. "पण गुरुजी," तो बागायतदार म्हणाला, "रंगपूर आहे म्हणून बारा महिने बुंध्याशीं पाणी उभें ठेवलं तर तोही जाईल ना!" हें शेवटचें वाक्य आम्हीं जपून ठेवलें आहे. ज्यांच्या कुळांत सात पिढ्या दारू नाहीं त्यांच्यासाठीं तें आहे.

आतां एका विलक्षण गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधतों. तरुण मंडळींत एक बढाई ऐकूं येते: "मला चढत नाहीं." चार पेले घेऊनही हा ताठ चालतो, गाडी चालवितो, मित्रांस घरीं पोंचवितो, सर्वांस वाटतें, याला धोका नाहीं, धोका त्या दोन घोटांत आडवें होणाऱ्यास आहे. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. अमेरिकेंत शकिट नांवाच्या संशोधकानें वीस-बावीस वर्षांच्या तरुणांस मोजून मद्य देऊन त्यांच्यावर किती परिणाम होतो तें पाहिलें, आणि सुमारें दहा वर्षांनीं त्यांचा पुन्हां शोध घेतला. व्यसनी बापांच्या मुलांपैकीं ज्यांस त्या वेळीं फारसें चढलें नव्हतें, त्यांच्यांतील शेंकडा ५६ जण दारूच्या आहारीं गेलेले आढळले; ज्यांस लवकर चढलें होतें त्यांच्यांतील शेंकडा १४. हा निबंध १९९४ चा. कारण उघड आहे. 'पुरे' अशी जी सूचना शरीर इतरांस दुसऱ्या पेल्यालाच देतें, ती ह्यांस मिळतच नाहीं. ज्यास कुळाचा वारसा म्हणावयाचें तो पुष्कळदां हाच: तहान नव्हे, तर थांबविणाऱ्या घंटेचा अभाव.

हिच्या उलट प्रकार जपान, चीन, कोरिया येथें दिसतो. तिकडील पुष्कळ लोकांच्या शरीरांत मद्याचें पचन मध्येंच अडतें, अ‍ॅसिटाल्डिहाइड नांवाचें विषारी द्रव्य सांचतें, तोंड लाल होतें, छाती धडधडते, मळमळतें. त्यांस जन्मतःच एक कुंपण मिळालेलें असतें. आपल्या देशांत हा गुण विरळा. डॅनिश संशोधकांनीं १९४८ सालीं जें डायसल्फिराम नांवाचें औषध पुढें आणलें, तें हेंच कुंपण कृत्रिम रीतीनें घालतें. ह्यासंबंधीं एक सूचना येथेंच करून ठेवतों, कारण 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती अद्यापि भिंतींवर दिसतात. रुग्णास नकळत भाजींत किंवा चहांत असें कोणतेंही चूर्ण घालूं नये. आंत काय आहे तें ठाऊक नसतें. आणि डायसल्फिराम पोटांत असतां माणूस नेहमींसारखा प्यायला तर त्याच्या जिवावर बेतूं शकतें. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, रुग्णाच्या संमतीनें घ्यावयाचें औषध आहे.

आपल्या पूर्वजांस हा विषय अपरिचित होता असें कोणी समजूं नये. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील चोविसावा अध्याय मदात्ययाचा आहे. मद्य सर्वांवर सारखें चालत नाहीं. पिणाऱ्याचें अन्न, वय, बल, व्याधि, काल आणि त्याचें सत्त्व यांवर परिणाम अवलंबून असतो, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. अग्नि जसा सोन्याचा कस दाखवितो तसें मद्य माणसाची प्रकृति उघडी करतें, असा दृष्टांतही आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वींच्या वैद्यानें 'दारू वाईट' एवढ्यावर न थांबतां 'कोणास, केव्हां, किती' हें विचारलें, आणि आम्ही विसाव्या शतकांतील शिक्षक मात्र वर्गांत 'मनाचा दुबळेपणा' एवढेंच सांगत राहिलों.

हें आठवण्याचें कारण 'एकच प्याला'. आम्हीं तें नाटक वर्गांत कितीदां तरी वाचून दाखविलें. गडकऱ्यांचा देह २३ जानेवारी १९१९ रोजीं आपल्या नागपूर जिल्ह्यांतील सावनेर येथें पडला, हें येथल्या पुष्कळांस ठाऊक नसतें. नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलें, गंधर्व नाटक मंडळीनें आणलें, आणि बालगंधर्वांच्या सिंधूनें महाराष्ट्रास रडविलें. रडण्याच्या भरांत प्रेक्षकांनीं जें नीटसें पाहिलें नाहीं तें असें: गडकऱ्यांनीं क्षेत्र किती बारकाईनें रंगविलें आहे! सुधाकर हुशार आणि मानी वकील. कोर्टांत अपमान होतो, सनद जाते, दिवस रिकामे होतात, डोकें शांत होत नाहीं. आणि नेमक्या त्या वेळीं 'औषध' म्हणून पहिला पेला पुढें करणारा तळीराम जवळ असतो. पुढें मित्रमंडळ म्हणून 'आर्य मदिरा मंडळ' तयारच आहे. मानभंग, रिकामपण, झोंपेचा अभाव, सहज मिळणारी बाटली, पाठीवर हात ठेवणारी संगत: आजचे मानसरोगतज्ज्ञ जी यादी देतात ती ह्याहून फारशी निराळी नाहीं. त्याच मंडळांत प्रेमभंगानें शिरलेला भगीरथ मात्र बाहेर पडतो. दोघांचा पेला एक, शेवट दोन. आम्ही तो धडा शिकवीत असतां एकाही विद्यार्थ्यानें 'असें कां?' हें विचारलें नाहीं, आणि आम्हींही तो प्रश्न कधीं फळ्यावर लिहिला नाहीं.

क्षेत्राच्या ह्या यादींत एक गोष्ट घालावी लागते, आणि ती पालकांच्या हातची आहे: पहिल्या पेल्याचें वय. अमेरिकेंत झालेल्या व १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें दिसलें कीं, पंधरा वर्षांच्या आंत ज्यांनीं पिण्यास आरंभ केला त्यांच्यांतील शेंकडा चाळिसांहून अधिक लोक आयुष्यांत केव्हां ना केव्हां दारूचे गुलाम झाले. विसाव्या वर्षानंतर आरंभ करणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा दहाच्या आसपास होतें. लवकर आरंभ करणारीं मुलें मुळांतच निराळीं असतात, म्हणून सर्व दोष वयाचा नव्हे, हा आक्षेप खरा आहे. तरीही मेंदूची वाढ विसाव्या वर्षानंतरही चालूच असते, आणि संयमाचा भाग सर्वांत शेवटीं पक्व होतो. महाराष्ट्रांत कडक दारू विकत घेण्यास कायद्यानें पंचवीस वर्षांचें वय लागतें. ह्या नियमाची आपण थट्टा करतों, पण तो अगदींच वेड्यानें केलेला नाहीं. बालपणीं मारहाण, छळ, घरांतील भय किंवा आईबापांचा वियोग ज्यांनीं सोसला त्यांच्यांतही पुढें व्यसनाचें प्रमाण अधिक आढळतें. पिणाऱ्या बापाच्या मुलाच्या वांट्यास बहुधा बीजही येतें आणि हेंही येतें.

आणि आपलीं घरें? आम्ही ज्यांच्यासाठीं लिहितों त्या घरांविषयीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. कचाची राख मद्यांतून पोटांत गेल्यावर शुक्राचार्यांनीं ब्राह्मणांस मद्य निषिद्ध ठरविलें, ही आदिपर्वांतील कथा आपण मुलांस सांगतों. सुरापान हें महापातकांत गणलेलें आहे, हेंही सांगतों. तो निषेध पिढ्यान् पिढ्या आमचें कुंपण होतें. आज मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास नोकरीस जातो, शनिवारीं मित्र जमतात, बिअर ही दारू नव्हे असें त्यास कोणीतरी पटवितो. तो घरीं सांगत नाहीं. आईस कपड्यांच्या वासावरून कळतें, तीही सांगत नाहीं. जेथें हा विषय उघड आहे त्या समाजांत निदान काका कानउघाडणी करतो. आमच्याकडे अब्रूच्या पडद्याआड रोग पांच-दहा वर्षें सुखानें वाढतो. केंद्र सरकारनें एम्सकडून करविलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तीप्रमाणें देशांत सुमारें १६ कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकीं सुमारें ५.७ कोटींस त्याचा उपद्रव होऊन मदतीची गरज आहे. आणि मद्यावर पूर्णपणें अवलंबून असलेल्यांत ३८ जणांमागें एकानें कांहीं उपचार घेतल्याचें सांगितलें. उरलेले सदतीस कोणाच्या ना कोणाच्या घरांत झांकून ठेवलेले आहेत. स्त्रियांविषयीं तर बोलणेंच नको असें म्हणून चालणार नाहीं: तेवढ्याच मद्यानें स्त्रीच्या रक्तांत तें अधिक चढतें, आणि यकृतही लवकर बिघडतें.

बाटली दृष्टीआड करणें हा राजमार्ग आपल्या विदर्भानें पुष्कळदां धरून पाहिला. १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत दारूबंदीचा कायदा झाला. शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून, गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीखालीं आहे. चंद्रपुरांत ती २०१५ मध्यें आली व २०२१ मध्यें उठली. बंदी फसते असें म्हणणाऱ्यांस व बंदीनेंच सर्व होईल असें म्हणणाऱ्यांस आम्ही मौसलपर्व वाचावयास सांगतों. द्वारकेंत मद्य गाळणाऱ्यास सुळीं देण्याची दवंडी पिटली होती. आणि त्याच यादवांनीं प्रभासतीर्थावर जाऊन मद्याच्या धुंदींत एकमेकांस मारलें. दवंडीनें क्षेत्र थोडें कोरडें होतें, एवढें खरें. गडचिरोलींतल्या कित्येक बायका तेवढ्यासाठीं झगडल्या, आणि त्यांस हंसण्याचा अधिकार पेल्यावर कर भरणाऱ्या शहरी मंडळींस नाहीं.

आतां आमची हकीकत. सुमारें वीस वर्षांपूर्वींची ही गोष्ट. आमच्याच एका विद्यार्थ्याचें लग्न ठरत होतें. मुलगा संस्कृतांत चांगला; शब्दरूपें त्याच्या जिव्हेवर नाचत. वडील पीत असत, हें आम्हांस ठाऊक होतें. मुलीकडचे गृहस्थ आमच्याकडे चौकशीस आले. आम्ही चहा घेत होतों. आम्हीं म्हटलें, "मुलगा गुणी आहे, परंतु बीज तसें फळ. आपण विचार करावा." बस्, एवढेंच. सोयरीक मोडली. वाक्य कोणी बोललें हें गांवांत लपत नाहीं. तें मुलाच्या कानावर गेलें. तोंवर त्यानें पेला तोंडास लावलेला नव्हता. दोन-तीन वर्षांनीं तो पितो असें आम्हीं ऐकलें, आणि, लिहावयास लाज वाटते, आपलें भाकीत खरें ठरलें याचें आम्हांस किंचित् समाधान वाटलें.

बऱ्याच वर्षांनीं तो एके सायंकाळीं दारांत उभा राहिला. रुग्णालयांत राहून, उपचार घेऊन, सुटून आला होता. नमस्कार केला, खुर्चीवर बसला. राग नव्हता. म्हणाला, "सर, तुम्ही म्हणालांत म्हणजे तें शास्त्रांत असणार, असं वाटलं मला. येणारच आहे तर येऊं दे, असं म्हणून पहिला ग्लास घेतला." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं आंत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. वडिलांचें बीज त्याच्यांत होतेंच. त्यावर घडलेलें पाणी कोणीं सांचविलें, हें त्यानें विचारलें नाहीं आणि आम्हीं सांगितलें नाहीं. आज तो नऊ वर्षें कोरडा आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ह्या मंडळीच्या सभेस तो नियमानें जातो. १९३५ सालीं अमेरिकेंत दोन व्यसनग्रस्त गृहस्थांनीं, एक दलाल व एक शस्त्रवैद्य, ती सुरू केली; फी नाहीं, नांव विचारीत नाहींत. ही हकीकत त्याच्या परवानगीनेंच लिहिली आहे. मजकूर वाचून त्यानें एकच दुरुस्ती सुचविली. 'सुटून आला' असें न लिहितां 'सुट्टी घेऊन आला' असें लिहावें, असें तो हंसत म्हणाला. आम्हीं तें मूळचेंच ठेवलें आहे.

त्या भगिनींस आमचें सांगणें असें. मामंजींस 'हें थोतांड आहे' असें म्हणूं नये. तें थोतांड नाहीं. त्यांस हीं दोन टक्केवाऱ्या मात्र दाखवाव्या, आणि हें विचारावें कीं, ज्या स्थळांच्या वडिलांनीं कधीं घेतली नाहीं त्यांच्या मुलांस आपण 'तूं घेतोस काय' असें कधीं विचारलें? मुलाशीं मात्र प्रत्यक्ष बोलावें. वडिलांच्या आजारास तो 'आजार' म्हणतो कीं विषय टाळतो. आपल्यास इतरांहून धोका अधिक आहे हें त्यास ठाऊक आहे काय. कचेरींतील मेजवानींत पेला पुढें आला तर तो काय करतो. ज्यास आपला खुंट जंबेरीचा आहे हें ठाऊक आहे आणि जो बुंध्याशीं पाणी येऊं देत नाहीं, तो आमच्या मतें त्या 'मला चढत नाहीं' म्हणणाऱ्याहून भरवंशाचा. निर्णय मुलीचा. तिनें होकार दिला तर लग्नानंतर तिनें त्याचे खिसे तपासूं नयेत, आणि पुढें मुलें झालीं तर तेरा-चौदाव्या वर्षीं त्यांस आजोबांविषयीं खरें सांगावें, जसें आपण मधुमेहाविषयीं सांगतों तसें. शरम न धरतां आणि शाप न देतां.

ज्या वाचकांच्या घरीं कोणी आधींच पीत आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. रोज भरपूर पिणाऱ्यास खोलींत कोंडून एकाएकीं दारू तोडूं नये. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, आणि त्यांत माणूस दगावूं शकतो. हें काम डॉक्टरांचें. शासनाचा १४४४६ हा दूरध्वनि व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठीं विनामूल्य आहे. रुग्ण यावयास तयार नसला तरी घरच्यांनीं एकट्यानें विचारावयास हरकत नाहीं. कुटुंबियांच्या निराळ्या सभाही असतात.

हा मजकूर छापखान्यांत जाण्याच्या आदल्या दिवशीं भगिनींचें दुसरें पत्र आलें. आजोबांनीं मुलास एकट्यासच भेटीस बोलाविलें आहे, येत्या रविवारीं, सकाळीं चहास. घरांत दुसऱ्या कोणीं थांबूं नये अशी त्यांची ताकीद आहे.